नवी प्रणाली, जुन्या फायली

विंडोज असलेल्या कोणत्याही संगणकावर एक नवा फोल्डर तयार करा आणि त्याला 'कॉन' हे नाव द्या, म्हणजे इंग्रजीतील सी, ओ, एन ही तीनच अक्षरे टाका. संगणक ते नाव घेणार नाही. पी-आर-एन आणि ए-यू-एक्स ही नावेही तो नाकारतो. हा बिघाड नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी दिलेला एक शब्द तो आजही पाळत आहे.

१९८१ साली आयबीएमच्या पीसीबरोबर डॉस ही प्रणाली आली. तिच्यात फोल्डर नव्हतेच. 'कॉन' म्हणजे कन्सोल, अर्थात कीबोर्ड आणि पडदा. 'पीआरएन' म्हणजे प्रिंटर. प्रोग्रामने या नावाच्या फायलीत मजकूर लिहिला की तो पडद्यावर किंवा कागदावर उमटत असे. १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले. आता या खास नावांना एक वेगळी जागा देता आली असती, पण मग लोकांकडचे जुने प्रोग्राम बंद पडले असते. म्हणून ती नावे प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठेवली. डॉस गेले, विंडोजच्या कितीतरी आवृत्त्या आल्या, पण ती नावे अजून राखीवच आहेत.

नवी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली, तयार करणाऱ्यांपुढे दरवेळी हाच पेच असतो. जुने प्रोग्राम आणि जुन्या फायली नव्या प्रणालीवरही चालाव्यात, याला जुन्याशी सुसंगती म्हणू. जुने ओझे टाकून पाया नव्याने घालावा, याला स्वच्छ रचना म्हणू. आपल्या शाळेतील मुलांना हा पेच एका उदाहरणाने लगेच समजेल. जुन्या एसएलआर रायफलीची गोळी ७.६२ मिलिमीटरची, नंतर आलेल्या इन्सासची ५.५६ मिलिमीटरची. नवी गोळी हलकी, जवान ती जास्त संख्येने बरोबर नेऊ शकतो. पण ती जुन्या रायफलीत बसत नाही. जोवर दोन्ही रायफली वापरात आहेत, तोवर दोन्ही गोळ्यांचा पुरवठा करावा लागतो. बदल चांगला असला तरी तो फुकट नसतो. त्याचा भार कोणी तरी वाहतो, आणि तो कोण वाहतो हे पाहिले की दोन्ही बाजू नीट समजतात. आधी संगणकाच्या जगातील उदाहरणे पाहू, मग मराठीचे, आणि शेवटी वाराणसीतील आमच्या घरातले.

जुने मोडायचे नाही

सिमसिटी या शहर वसवण्याच्या खेळात एक चूक होती. संगणकाच्या स्मृतीतील जी जागा वापरून परत केली, तीच तो खेळ लगेच पुन्हा वाचत असे. डॉसवर हे खपून जाई, कारण ती जागा तोवर तशीच असे. नव्या विंडोजवर मात्र ती जागा दुसऱ्या कोणाला दिली गेली असती आणि खेळ कोसळला असता. चूक खेळाची होती. तरीही विंडोज ९५ च्या अभियंत्यांनी आपल्या प्रणालीतच सोय केली: सिमसिटी चालू आहे असे दिसले, की परत केलेली जागा लगेच काढून घ्यायची नाही. ग्राहकाने नवी प्रणाली घातल्यावर कालचा खेळ बंद पडला, तर तो खेळाला नव्हे तर प्रणालीलाच नावे ठेवणार, हे त्यांना ठाऊक होते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचाही नियम असाच आहे: गाभ्यात हवा तो बदल करा, पण वापरणाऱ्याचा चालता प्रोग्राम मोडू नका.

या पद्धतीत भार प्रणाली तयार करणाऱ्यावर पडतो. वापरणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. मात्र अशा सोयी साठत जातात. किल्ल्याला एक जुनी चोरदिंडी असावी, तिचा वापर क्वचित व्हावा, आणि म्हणून तिच्यावरचा पहाराही ढिला पडावा, तसे होते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. ब्रिटनमध्ये रुग्णालयांचे काम विस्कळीत झाले. तो ज्या वाटेने शिरला ती वाट म्हणजे संगणकांनी आपसांत फायली देण्याघेण्याची एसएमबी ही पद्धत, आणि तीही तिची पहिली, जुनी आवृत्ती. नव्या आवृत्त्या कधीच आल्या होत्या, पण जुन्या यंत्रांसाठी ती चालू ठेवली होती. मायक्रोसॉफ्टने त्या भगदाडाची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले.

पाया नव्याने घालायचा

ॲपलने वेगळा मार्ग धरला. २००१ मध्ये मॅकसाठी पूर्ण नवी प्रणाली, मॅक ओएस टेन, आली. जुने प्रोग्राम तिच्यावर थेट चालत नव्हते. त्यासाठी 'क्लासिक' नावाची एक खोली आत ठेवली होती, जिच्यात जुनी प्रणाली चालू करता येई. २००७ च्या आवृत्तीत ती खोली काढून टाकली. २००६ मध्ये मॅकमध्ये इंटेलची चिप आली, तेव्हा जुन्या चिपसाठी लिहिलेले प्रोग्राम चालवण्यासाठी 'रोझेटा' हा दुभाषी दिला. २०११ मध्ये तोही बंद केला. २०१९ मध्ये ३२ बिटांचे सर्व प्रोग्राम चालायचे थांबले. प्रत्येक वेळी पूल बांधला, काही वर्षे वापरू दिला आणि मग उचलला. प्रणाली आटोपशीर राहिली, पण ज्यांनी पैसे देऊन जुने प्रोग्राम घेतले होते त्यांना नवे घ्यावे लागले. येथे भार वापरणाऱ्याकडे गेला.

पूल चांगला नसेल तर उत्तम रचनाही पडते. इंटेलने २००१ मध्ये इटॅनियम ही नव्या धर्तीची ६४ बिटांची चिप आणली. रचना जुन्यापासून मोकळी होती, पण पूर्वीचे प्रोग्राम तिच्यावर रेंगाळत चालत. २००३ मध्ये एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने जुन्याच रचनेला ६४ बिटांची जोड दिली. जुने प्रोग्राम पूर्ण वेगाने चालले आणि नवेही. पुढच्याच वर्षी इंटेलला ती रचना आपल्या चिपमध्ये घ्यावी लागली, आणि आजच्या बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये तीच आहे.

मराठी अक्षरांची गोष्ट

हा पेच फक्त मोठ्या कंपन्यांचा आहे असे वाटू नये. संगणकावरील मराठी याच पेचातून आली आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत ठरलेल्या 'आस्की' या तक्त्यात १२८ जागा होत्या आणि देवनागरीला एकही नव्हती. भारतीय मानक ब्युरोच्या 'इस्की' या तक्त्याने पहिल्या १२८ जागा आस्कीच्याच ठेवल्या आणि पुढच्या जागांत भारतीय लिपी बसवल्या. १९९१ मध्ये युनिकोड आले तेव्हा त्यानेही देवनागरीचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या तक्त्यावरून घेतला. युनिकोड साठवण्याची आजची रूढ पद्धत, यूटीएफ-८, ही १९९२ ची. तिच्यात जुन्या इंग्रजी फायली जशाच्या तशा चालतात. याची किंमत आपण देतो: इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर 'क' ला ३. जुन्याशी सुसंगती ठेवताना भार वाटला जातो, पण तो सारखा वाटला जाईलच असे नाही.

युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी टंकणाऱ्यांनी दुसरीच युक्ती वापरली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले फाँट आले. संगणकाच्या लेखी फायलीत इंग्रजी अक्षरेच असत. फाँट तेवढा त्यांना मराठी वेष चढवी. छपाईला ते पुरेसे होते. पण दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की वेष उतरे आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसे. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड प्रणालीतच आले. नवी रचना स्वच्छ होती, पण वेषांतर केलेल्या फायली तिला मराठी म्हणून ओळखता येईनात.

ब्रह्माघाटावरच्या घरातील फायली

वाराणसीत ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. आमचे घर त्यांपैकीच एक. माझ्या आजोबांनी निवृत्तीनंतर, साधारण २००१ पासून, या मोहल्ल्यातील कुटुंबांची टिपणे घरच्या संगणकावर लिहून ठेवली: कोण कोणत्या गावाहून आले, कोणाच्या घरी कोणता गणपती बसे, कोणत्या लग्नात किती खर्च झाला. ज्यांच्याकडून त्यांनी हे ऐकले त्यांपैकी बहुतेक आता नाहीत. टिपणे विंडोज ९८ वर, वेष चढवणाऱ्या एका जुन्या फाँटमध्ये होती. तो संगणक बंद पडल्यावर आम्ही त्याची डिस्क माझ्या मामाच्या लॅपटॉपला जोडली. फायली उघडल्या, पण सगळा इंग्रजी काला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हे काम हाती घेतले. पायऱ्या अशा होत्या. प्रथम सर्व मूळ फायलींची प्रत काढून ती बाजूला ठेवली. मग जुन्या डिस्कवरच्या फाँटांच्या फोल्डरमधून तो फाँट शोधून लॅपटॉपवर घातला, तेव्हा मराठी दिसू लागली. मात्र ती फक्त दिसत होती. शोध घेतला तर एक शब्द सापडत नव्हता. म्हणून मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणला. परिवर्तकाचे काम वाटते तितके सोपे नसते. जुन्या फाँटमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे 'कि' मध्ये आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, आधी क, मग वेलांटी. रफाराचेही तसेच: तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण उच्चार आधी होतो. परिवर्तक या चिन्हांच्या जागा बदलतो आणि जोडाक्षरांत कधी कधी चुकतो. 'स्थिती' हा शब्द तर दर वेळी तपासावा लागला.

सगळ्यात अवघड निघाला तो मराठीचा खास अर्धा र, 'वाऱ्यावर' आणि 'दऱ्या' मधला. तो हिंदीला लागत नाही. एका लग्नाच्या खर्चात मूळ नोंद होती, 'आचाऱ्यांना ६० रुपये'. परिवर्तकातून ती बाहेर आली 'आचार्यांना ६० रुपये' अशी. आजोबा चष्मा वर करून म्हणाले, "अरे, हा स्वयंपाकी होता. याला पीठावर कोणी बसवला?" आम्ही खूप हसलो. पण त्यानंतर आजोबांनी एकेक पान माझ्याबरोबर बसून वाचले. शब्दकोशाच्या दृष्टीने दोन्ही शब्द शुद्ध आहेत. संगणक चूक दाखवणार नाही. त्या दिवशी ६० रुपये कोणाला मिळाले हे सांगू शकणारे घरात ते एकटेच होते, आणि त्यांचे वय ८१ आहे.

या अर्ध्या 'र' मध्येही जुन्याशी सुसंगतीचा एक धडा लपलेला आहे. युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक, 'ऱ' हे नुक्त्याचे अक्षर आणि हलन्त. दुसरी, साधा 'र', हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. ही दुसरी रीत युनिकोडच्या २.० या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवली आहे. डोळ्यांना दोन्ही 'दऱ्या' सारख्याच, संगणकाला वेगळ्या. त्यामुळे एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. आम्ही सर्व फायलींत पहिली रीत ठरवली आणि त्याची एक ओळ पहिल्या पानावर लिहून ठेवली, म्हणजे पुढे कोणाला अडायला नको.

वाराणसीतील दोन लिप्या

आजोबांच्या त्याच कपाटात एक बासन आहे. त्यात त्यांच्या आजोबांच्या काळचे मोडी कागद आहेत. आजोबांना त्यातले आकडे आणि काही नावे लागतात, बाकी लागत नाही. बाबांना आणि मला एक अक्षरही लागत नाही. मोडी ही हात न उचलता भरभर लिहायची लिपी. मराठी राज्याचा कारभार तिच्यात चालला. छपाईला बाळबोध सोयीची, म्हणून छापील मराठी बाळबोधीत स्थिरावली, आणि विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडी शाळांतून गेली. एक भाषा, एक लिपी, छापायला सोपी: रचना म्हणून हा बदल स्वच्छच होता. पण वाचणारे पुरेसे तयार ठेवले नाहीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत आणि ते वाचू शकणारे थोडे. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये, म्हणजे शाळेत मोडी शिकलेली पिढी बहुतेक गेल्यावर.

याच शहरात याच्या उलट उदाहरणही आहे. १८९३ मध्ये वाराणसीत नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. तेव्हा या प्रांताच्या न्यायालयांचे काम फारसी लिपीत चाले आणि सामान्य माणसाला स्वतःचा अर्ज वाचता येत नसे. सभेने आणि पंडित मदनमोहन मालवीय यांनी नागरीसाठी प्रयत्न केले. १९०० साली सरकारने न्यायालयांत नागरीला परवानगी दिली, पण जुनी लिपी बंद केली नाही. अर्ज दोन्हींपैकी कोणत्याही लिपीत देता येऊ लागला. या निर्णयावरून वादही पुष्कळ झाले आणि कचेऱ्यांना दोन लिप्या सांभाळाव्या लागल्या. मात्र जुनी लिपी जाणणाऱ्याचा अर्ज त्या दिवसापासून निकामी झाला नाही.

मोडी आणि नागरी यांची तुलना केल्यावर मला असे वाटते की जुने सोडणे हा दोष नाही. कोणतीही प्रणाली सगळे ओझे कायम वाहू शकत नाही. वॉनाक्रायने ते दाखवले. दोष पूल न बांधता सोडण्यात आहे. आणि पूल बांधायचा तर जुने जाणणारा माणूस समोर असेपर्यंतच बांधता येतो. नंतर परिवर्तक मिळेल, चिप मिळेल, पण आचारी कोण आणि आचार्य कोण हे विचारायला कोणी मिळणार नाही. आपण वेळेवर न उचललेला भार नाहीसा होत नाही, तो पुढच्या पिढीच्या डोक्यावर जातो.

आपण काय करावे

हा विषय सध्या पुष्कळ घरांत आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे चांगले चालणारे अनेक संगणकही नव्या प्रणालीला पात्र ठरत नाहीत. मुलांनी सुट्टीत घरी गेल्यावर आणि पालकांनीही पुढील गोष्टी कराव्यात.

१. प्रणाली बदलण्यापूर्वी सर्व फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती प्रत उघडते का ते पाहा.

२. जुन्या फाँटमधल्या मराठी फायली असतील तर तो फाँटही जपून ठेवा. फाँटशिवाय फाईल म्हणजे किल्लीशिवाय पेटी.

३. मजकूर युनिकोडमध्ये आणा, पण मूळ फाईल पुसू नका. परिवर्तकाची चूक मूळ फायलीशी ताडूनच कळते.

४. ज्याने फाईल लिहिली त्याच्याकडूनच ती तपासून घ्या, आणि हे काम आधी करा.

५. आधार संपलेली प्रणाली ठेवणे भागच असेल, तर तो संगणक इंटरनेटला जोडू नका.

आपल्याकडे वर्षअखेरीस जुना कॅप्टन नव्या कॅप्टनला स्टोअरचा चार्ज देतो. वही उघडून एकेक वस्तू मोजतात, जी मोडली आहे तिची नोंद करतात, मग दोघे सही करतात आणि त्यानंतरच किल्ल्या हातात येतात. नवा कॅप्टन मांडणी बदलायला मोकळा असतो, आणि पुष्कळदा ती बदलतोही. पण मोजणी दोघे हजर असतानाच होते. संगणकाची प्रणाली बदलतानाही एवढी शिस्त पुरेशी आहे.